अपुऱ्या पानांचा वारसा

अल्जीर्स शहरातील बेलकूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, एका लहानशा घरात, तोफगोळ्याची एक बारीक ठिकरी जपून ठेवलेली होती. ती ल्यूसियाँ काम्यू या सैनिकाच्या देहातून निघालेली होती. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता आणि ल्यूसियाँ तेथल्या मोंदोवी गावाजवळच्या द्राक्षमळ्यावर एका व्यापारी पेढीची नोकरी करीत होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्यात बोलावणे आले. सप्टेंबरात मार्न नदीच्या लढाईत ते जखमी झाले. ११ ऑक्टोबर १९१४ रोजी, फ्रान्सच्या वायव्येकडील सँ-ब्रियू या गावच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वय अवघे २८ वर्षांचे. रुग्णालयाने ती ठिकरी त्यांच्या पत्नीकडे पाठविली आणि तिने ती ठेवून घेतली.

त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा ११ महिन्यांचा होता. त्याचे नाव आल्बेर. पुढे १९५७ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे आल्बेर काम्यू ते हेच. वडिलांचा चेहरा, आवाज, स्पर्श, यांपैकी काहीही त्यांच्या स्मरणात असणे शक्य नव्हते. पुष्कळ घरांत अशा वेळी आईच्या तोंडून वडील मुलांना कळतात. बाबा असे चालत, असे हसत, अमुक पदार्थ त्यांना आवडे, अशा लहानसहान गोष्टींतून गेलेला माणूस घरात वावरत राहतो. परंतु या घरात तेही घडले नाही. आई कातरीन हिला ऐकू कमी येत असे आणि बोलणेही तिला अवघड जाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. दोन मुलांना घेऊन ती स्वतःच्या आईच्या आश्रयाला आली होती आणि लोकांच्या घरी धुण्याभांड्याची, साफसफाईची कामे करून संसाराला हातभार लावीत होती. घरात सत्ता आजीची, आणि आजीच्या हाती चाबूक. एक मामा पिपे बनविण्याच्या कारखान्यात कामाला, तोही जवळजवळ मुका. अशा घरात गेलेल्या माणसाविषयी बोलणार कोण? दारिद्र्याला रोजच्या दिवसाचीच इतकी विवंचना असते की कालच्या दिवसाला तेथे जागा उरत नाही.

तरीही वडिलांची एक गोष्ट त्या मुलापर्यंत पोहोचली. महायुद्धाच्या थोडे आधी अल्जीर्समध्ये एका खुन्याला मृत्युदंड फर्मावला गेला होता. त्याने एका शेतकरी कुटुंबाची, त्यातील मुलांसकट, हत्या केली होती. ल्यूसियाँ काम्यू स्वभावाने साधे, सरळ. या कृत्याचा त्यांना विलक्षण संताप आला. अशा माणसाला शासन झालेले आपण डोळ्यांनी पाहायचेच, असे ठरवून ते रात्र सरण्यापूर्वीच उठून लांबवर चालत गेले. परत आले ते कोणाशी एक शब्द न बोलता. काही वेळ अंथरुणावर पडून राहिले आणि एकाएकी त्यांना उलटी झाली. तेथे काय पाहिले, ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

पित्याकडून पुत्राला मिळालेली स्थावर-जंगम मिळकत एवढीच. परंतु या एका गोष्टीवर पुत्राने आयुष्यभर विचार केला. १९५७ मध्ये काम्यू यांनी मृत्युदंडाच्या विरोधात एक दीर्घ निबंध लिहिला, त्याचा आरंभ त्यांनी वडिलांच्या याच आठवणीने केला. न्यायाची चाड असलेला एक भला माणूस, संतापाने पेटून गेलेला, प्रत्यक्ष वध पाहताच आतून उन्मळून पडतो, तर त्या शिक्षेने समाजाचे कोणते समाधान होते, असा त्यांचा प्रश्न होता. फ्रान्सने मृत्युदंड रद्द केला तो १९८१ मध्ये. ते पाहायला काम्यू राहिले नव्हते. युद्धात मेलेल्या, नाव नसलेल्या एका सैनिकाची शिसारी मुलाच्या लेखणीतून जगापुढे आली, एवढे मात्र खरे.

वडिलांची उणीव अंशतः भरून काढली ती एका शिक्षकाने. लुई जेर्मां हे बेलकूरच्या प्राथमिक शाळेतील गुरुजी. ते स्वतः त्याच महायुद्धात लढून जिवंत परतले होते. वर्गात ते मुलांना युद्धावरील एक कादंबरी वाचून दाखवीत. या मुलाची बुद्धी त्यांनी हेरली, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याला वर शिकविले, आणि मुलाने लवकर कामाला लागून चार पैसे आणावेत या मताच्या आजीची स्वतः घरी जाऊन समजूत घातली. नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर काम्यू यांना आईच्या खालोखाल आठवण झाली ती या गुरुजींची. त्यांनी गुरुजींना कृतज्ञतेचे पत्र लिहिले. ते पत्र आज जगभर वाचले जाते.

पित्याच्या समाधीवर मात्र काम्यू पहिल्यांदा गेले ते १९४७ मध्ये. सँ-ब्रियूच्या दफनभूमीत सैनिकांसाठी राखलेल्या भागात ती साधी शिळा होती. तिच्यावर नाव आणि जन्म-मृत्यूची साले. ती साले वाचताना जे ध्यानात आले, त्याने ते हादरून गेले. आपले वय ३३, आणि या दगडाखाली निजलेला पिता २८ वर्षांचा. मुलगा बापापेक्षा मोठा! बाप म्हटला की आपल्यापेक्षा थोर, आपल्या आधी वाट चालून गेलेला, असे मन धरूनच चालते. येथे तर एक कोवळा तरुण पडला होता, ज्याच्याकडे पुत्रानेच वडीलधाऱ्याच्या करुणेने पाहावे. हा प्रसंग पुढे त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात लिहिला. तेथे नायक चाळीस वर्षांचा आहे. समाधीपुढे उभे राहिल्यावर त्याला जाणवते की ज्याला आपण परका समजत आलो त्याला शोधणे आता टाळता येणार नाही.

त्या पुस्तकाचे नाव त्यांनी ‘पहिला माणूस’ असे ठरविले. ज्याला पूर्वजांचा शब्द मिळाला नाही, बरे-वाईट कोणी शिकविले नाही, ज्याला स्वतःलाच स्वतःचा बाप व्हावे लागले, तो पहिला माणूस. पात्रांची नावे बदललेली होती. नायकाला ज्याक कोर्मेरी म्हटले होते. पण आतील मजकूर लेखकाचे स्वतःचेच चरित्र होते. पुस्तक अर्पण केले होते आईला, जिला ते कधीच वाचता येणार नव्हते. नोबेलच्या पैशांतून दक्षिण फ्रान्समधील लुर्मारँ या खेड्यात काम्यू यांनी घर घेतले आणि तेथे हे लेखन वेगाने सुरू झाले. बाहेर परिस्थिती फार वाईट होती. १९५४ पासून अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते. अल्जीर्सच्या रस्त्यांवर बाँब फुटत होते आणि म्हातारी आई तेथेच राहत होती. एका युद्धाने बाप नेला. दुसरे युद्ध आता आईच्या दाराशी आले होते. अशा वेळी हा लेखक आपल्या गरीब, निरक्षर माणसांची नोंद करण्यासाठी धडपडत होता.

४ जानेवारी १९६० रोजी, पॅरिसकडे जात असताना, व्हिलब्लव्हँ या गावाजवळ त्यांची मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. काम्यू जागीच गेले. वय ४६. मोटार चालविणारे त्यांचे प्रकाशक-मित्र मिशेल गालिमार काही दिवसांनी गेले. अपघाताच्या ठिकाणी एक चामडी पिशवी मिळाली. तिच्यात १४४ हस्तलिखित पाने होती. अक्षर घाईचे, लागण्यास कठीण, कोठे पूर्णविराम नाही तर कोठे स्वल्पविराम नाही. पित्याच्या शोधाचे पुस्तक अर्ध्यावर थांबले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आईही अल्जीर्सला निवर्तली.

लेखकाची मुलगी त्या वेळी १४ वर्षांची होती. तिचे नावही आजीचेच, कातरीन. ल्यूसियाँ यांचे वडील ते तान्हे असतानाच गेले होते आणि त्यांचे बालपण अनाथालयात गेले होते. आल्बेरचे वडील तो ११ महिन्यांचा असताना गेले. आणि आता कातरीन. तीन पिढ्यांत एकाही मुलाला बाप पुरता लाभला नाही.

त्या १४४ पानांचे करायचे काय, हा प्रश्न घरापुढे उभा राहिला. नोबेल विजेत्याचे शेवटचे हस्तलिखित, तेही अपघातस्थळी सापडलेले. बाजाराच्या दृष्टीने याहून मोठे आकर्षण कोणते? छापले असते तर प्रती हातोहात खपल्या असत्या. परंतु पत्नी फ्रान्सीन आणि जवळचे मित्र यांनी विचार करून ते न छापण्याचे ठरविले. सोव्हिएत रशियातील छळछावण्यांचा काम्यू यांनी निषेध केला होता, म्हणून डाव्या विचारांचे लेखक त्यांच्यावर रुष्ट होते. अल्जीरियात अरब आणि फ्रेंच या दोघांनाही न्यायाने एकत्र राहता यावे असे ते म्हणत, म्हणून उजवेही त्यांना आपले मानीत नव्हते. निरपराध माणसांवर बाँब टाकणे, मग तो कोणत्याही बाजूने टाकलेला असो, त्यांना मान्य नव्हते. अशा काळात अर्धवट, असंस्कारित लेखन बाहेर आणणे म्हणजे टीकाकारांच्या हाती आयते शस्त्र देणे, असे घरच्यांना वाटले. फ्रान्सीन यांनी हस्तलिखिताची टंकलिखित प्रत मात्र तयार करून ठेवली. १९७९ मध्ये त्याही गेल्या आणि वडिलांच्या वाङ्मयाची जबाबदारी कातरीन यांच्यावर आली.

जबाबदारी घेणे आणि तिचा लाभ घेणे या दोहोंतील अंतर व्यापार करणाऱ्या कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही. वडिलांच्या नावाची पत बाजारात कायम असते. तिच्यावर काहीही विकता येते, आणि एकदा खोटा माल गेला की तीच पत कायमची जाते. कातरीन यांच्यापुढे मार्ग पुष्कळ होते. एखाद्या सिद्धहस्त लेखकाकडून अपुरी कादंबरी पुरी करून घेता आली असती. कच्चे वाक्य घासूनपुसून घेता आले असते. जेथे नावे बदलायची राहून गेली, तेथे ती दुरुस्त करून ठेवता आली असती. यांपैकी त्यांनी काहीच केले नाही. टंकलिखित प्रत मूळ अक्षराशी त्यांनी पुन्हा ताडून पाहिली आणि एकेक शब्द लावला. जेथे शब्द लागला नाही तेथे तो लागला नाही असेच दाखविले. जेथे वाचन संशयास्पद होते तेथे प्रश्नचिन्ह ठेवले. समासातील टिपणे तळटीपांत दिली. सुट्या कागदांवरचे आराखडे आणि नोंदी पुस्तकाच्या शेवटी जोडल्या. गुरुजी जेर्मां यांना गेलेले पत्र आणि गुरुजींकडून आलेले पत्र, हीही शेवटी दिली.

त्यामुळे वाचकाला आज त्या पुस्तकात एक विलक्षण गोष्ट दिसते. नायकाच्या आईचे नाव एका ठिकाणी एक, तर दुसऱ्या ठिकाणी वेगळेच आहे. कादंबरीत गुरुजींचे नाव बेर्नार असे ठेवले आहे, पण लिहिता लिहिता लेखकाच्या हातून मध्येच जेर्मां हे खरे नाव उतरले आहे. एके जागी तर कोर्मेरीऐवजी काम्यूच्या विधवेचेच नाव आले आहे. शिस्तीच्या संपादकाने या चुका म्हणून काढून टाकल्या असत्या. परंतु या चुकांतूनच कळते की लेखक कोणाविषयी लिहीत होता आणि त्याचे मन किती भरून आले होते. कातरीन यांनी प्रास्ताविकात स्पष्ट म्हटले आहे की आपले वडील संकोची होते, आणि पुस्तक पुरे झाले असते तर त्यांनी आपल्या भावना याहून कितीतरी अधिक झाकल्या असत्या. म्हणजे हे लेखन वडिलांनी या रूपात प्रसिद्ध केले नसते, हे लेकीने वाचकापासून लपवून ठेवले नाही.

१९९४ मध्ये, अपघातानंतर ३४ वर्षांनी, ‘पहिला माणूस’ गालिमार या प्रकाशनसंस्थेने काढले. नवी कादंबरी म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही. काम्यू यांच्या अप्रसिद्ध कागदपत्रांची आणि त्यांच्यावरील अभ्यासाची एक वहीमाला होती. तिच्यातील सातवी वही म्हणून ते आले. पुस्तक खपले मात्र प्रचंड. फ्रान्समध्ये ते त्या वर्षीच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत गणले गेले. पुढच्याच वर्षी इंग्रजी भाषांतर निघाले, मागोमाग इतर भाषांत गेले, आणि २०११ मध्ये जान्नी अमेलिओ या इटालियन दिग्दर्शकाने त्यावर चित्रपटही काढला. काळही बदलला होता. सोव्हिएत छावण्यांचे सत्य आता कोणी नाकारीत नव्हते. अल्जीरिया पुन्हा एकदा अंतर्गत हिंसाचारात होरपळत होता. ज्या भूमिकेसाठी लेखक एकाकी पडला होता, ती भूमिका समजून घेणारे वाचक ३४ वर्षांनी तयार झाले होते.

स्वतःच्या घरातील दुःख पुस्तकाच्या रूपाने लोकांपुढे ठेवावे की नाही, ठेवल्यास त्याचा प्रसार कसा करावा, हा प्रश्न नाजूक आहे. युद्धात गेलेल्या पित्याची कथा सांगणाऱ्याला श्रोते सहज मिळतात. डोळ्यांत पाणी आणणेही सोपे असते. याच सोपेपणात धोका आहे. गेलेल्या माणसाला वीर करून सोडले की तो आपला राहत नाही. आणि आठवत नाही ते रचून सांगितले की शोध संपून जाहिरात सुरू होते. काम्यू यांच्या पुस्तकातील नायक वडिलांच्या गावी जातो, जुन्या मळ्यावर चौकशी करतो, आईला पुन्हा पुन्हा विचारतो. हाती जवळजवळ काहीच लागत नाही. आईला आठवत नाही, मळेवाल्यांना ठाऊक नाही. तेव्हा तो आपल्या कल्पनेने बापाचा पुतळा उभारीत नाही. आपल्याला तो सापडला नाही, एवढेच प्रांजळपणे लिहितो. पुत्राने पित्याविषयी जी सचोटी पाळली, तीच पुढे कन्येने पुत्राच्या पानांविषयी पाळली.

ज्या वर्षी ल्यूसियाँ काम्यू मार्नच्या काठी पडले, त्याच वर्षी हिंदुस्थानातील पलटणीही फ्रान्सच्या भूमीवर उतरल्या होत्या. पुढे मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. महाराष्ट्रातील काही गावांत आजही एखाद्या भिंतीत बसविलेली जुनी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा दोन ओळींचा हिशेब तिच्यावर कोरलेला असतो. नावे बहुधा नसतात. त्या आकड्यांमागेही तान्ही मुले होती, अक्षर न कळणाऱ्या आया होत्या, आणि पेटीच्या तळाशी जपलेली एखादी वस्तू होती. त्यांच्यासाठी कोणी पुस्तक लिहिले नाही. फ्रान्सने त्या युद्धात सुमारे १४ लाख सैनिक गमावले. त्यांपैकी एकाची कथा जगाला ठाऊक झाली, कारण त्याचा मुलगा लिहायला शिकला आणि त्या मुलाच्या मुलीने त्याची पाने राखली.

घरोघरी जुन्या पेट्या असतात. त्यांत पत्रे असतात, अपुऱ्या वह्या असतात, कोणाचे तरी अर्धवट राहिलेले आत्मकथन असते. पुढच्या पिढीला ते छापावेसे वाटते. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही, आणि घाईचेही नाही. वाट पाहण्याची तयारी असावी, आणि जे अपुरे आहे ते अपुरे म्हणून लोकांपुढे ठेवण्याचे धैर्य असावे. कातरीन या नावाच्या आजीला ते पुस्तक वाचता येणार नव्हते. त्याच नावाच्या नातीने त्यातील प्रत्येक अक्षर भिंग घेऊन बसल्यासारखे वाचले, आणि जे लागले नाही त्याची जागा मोकळी सोडली.